जावयाचं आडनाव आणि आयर्लंडचा सातबारा

प्रश्न : नमस्कार. माझी मुलगी डब्लिनला असते, जावई आयरिश, त्यांचं मूळ गाव म्हणजे काउंटी कॉर्कच्या पश्चिमेकडचं एक टाउनलँड. आमच्या माहेरचा कुळवृत्तांत छापलेला आहे, तर नातवासाठी त्याच्या बाबांच्या बाजूचाही करावा असं मनात आलं. पण आडनाव सुलिव्हन, कुठे ओ'सुलिव्हन, आणि शोधायला गेलं की शेकडो निघतात. त्यात जावयांचे खापरपणजोबा 1901 च्या जनगणनेत 58 वर्षांचे आणि 1911 मध्ये चक्क 74! दादरला बसून यातलं काही सुटेल का?
— एक सासूबाई, दादर

उत्तर : सुटेल की, आणि बरंचसं फुकटात. फक्त आडनावाच्या मागे धावू नका, तिकडे निम्मं खोरं सुलिव्हनच आहे, म्हणून घराण्यांना टोपणनावं पडलीत, आपल्या कोकणात एका वाडीत सगळेच सावंत असले की वरचे-खालचे करतात तसंच. 'ओ' म्हणजे अमक्याचा वंशज, तो इंग्रजी अमलात बऱ्याच जणांनी गाळला आणि पुढे काहींनी परत लावला, त्यामुळे दोन्ही स्पेलिंगं एकाच घरात सापडली तर दचकू नका.

जमीन धरा. टाउनलँड म्हणजे तिकडची सगळ्यात लहान हद्द, वाडी म्हणा हवं तर, आणि देशभरात अशा 60 हजारांहून जास्त आहेत. आपल्याकडे गावावरून आडनाव पडतं, तिकडे उलटंही असतं, बॅलीमर्फी म्हणजे मर्फींचं गाव.

आता क्रम सांगते. 1901 आणि 1911 ची जनगणना नॅशनल आर्काइव्ह्जच्या साइटवर आहे, ती तुम्ही बघितलीच. त्याआधीचं जवळजवळ काही उरलेलं नाही. 1861 ते 1891 चे कागद सरकारनेच नष्ट केले आणि त्याआधीचे बहुतेक 1922 मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारातल्या आगीत गेले. मग खापरपणजोबांचं लग्न शोधा. 1864 पासून सगळ्यांचीच जन्म-मृत्यू-लग्नं सरकारदरबारी नोंदली गेली, आयरिशजीनिऑलॉजी डॉट आयई वर जुन्या नोंदी फुकट दिसतात, आणि लग्नाच्या नोंदीत नवरा-नवरी दोघांच्याही वडिलांचं नाव असतं. हे नाव मिळालं की अर्धी लढाई जिंकलीत, कारण ते घेऊन ग्रिफिथच्या मोजणीत, म्हणजे रिचर्ड ग्रिफिथने केलेल्या जमीन-मूल्यांकनाच्या यादीत जायचं (1847 ते 1864). त्यात प्रत्येक टाउनलँडमध्ये जमीन कसणारं कूळ कोण, कोणाकडून घेतलीय, किती आहे, सारा बसवण्यासाठी किंमत किती धरली, सगळं आहे. हे कूळ कुळवृत्तांतातलं नाही हं, कूळकायद्यातलं! घरातली बायकापोरं त्यात नाहीत. पण एकाच नावाचे दोन जॉन असले तर पुढे बापाचं नाव लिहून वेगळे केलेत, हे आपल्याला लगेच कळतं, आपण जन्मभर मधे बापाचंच नाव लिहितो ना.

ग्रिफिथनंतर जमीन कोणाच्या नावे गेली ते मूल्यांकन खात्याच्या वह्यांत सापडतं, जुनं नाव खोडून नवं वेगळ्या रंगाच्या शाईने लिहिलेलं, म्हणजे थेट आपला फेरफार. या वह्यांचं काम लेकीवर सोपवा, ती डब्लिनलाच आहे. ग्रिफिथच्याही मागे जायचं तर 1823 ते 1837 च्या टाइथच्या वह्या, चर्चचा कर कोणावर किती ते.

एक गोष्ट मात्र आपल्यापेक्षा तिकडे बरी, बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईचं माहेरचं आडनाव बहुतेक वेळा असतं. आपल्या छापील कुळवृत्तांतात सुनांची माहेरं शोधून दमायला होतं. कॅथलिक रजिस्टरं साधारण 1880 पर्यंतची नॅशनल लायब्ररीने ऑनलाइन टाकलीत, पण नावं लॅटिनमध्ये असू शकतात, जेम्सचा जाकोबुस झालेला दिसेल.

आणि ते वय. दहा वर्षांत सोळा वर्षांनी म्हातारे झालेले आयर्लंडमध्ये पुष्कळ आहेत! 1908 च्या कायद्याने सत्तरीनंतर पेन्शन सुरू झालं, जन्मदाखला कोणाकडे नव्हता, मग '1839 चं मोठं वादळ मला आठवतं' हाच पुरावा, आपल्याकडे 'प्लेगच्या साथीत जन्मला' म्हणायचे तसं. काहींना आपलं वय खरंच माहीत नव्हतं, काहींनी वाढवलं. तुम्ही बाप्तिस्मा 1835 पासून 1845 पर्यंत शोधा आणि सापडेल ते साल लिहा, पेन्शन काही आता कोणी परत मागायला येत नाही.