पहिल्या पिढीच्या फोर्ड ब्रॉन्कोचे मागचे फेंडर कापून फ्लेअर कसे बसवावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाडी १९७४ची ब्रॉन्को, मागचे फेंडर (चाकावरचा बॉडीचा पत्रा) अजून मूळचेच आहेत. ३३ इंची टायर घालायचेत आणि फ्लेअरचा, म्हणजे चाकाच्या तोंडाभोवती लावायच्या रुंद कडांचा, संच आणून ठेवलाय. कुठे कापायचं, किती कापायचं आणि कापलेली कड दोन-चार वर्षांत गंजून जाऊ नये म्हणून काय करायचं?

कापण्याआधी एक नावडता प्रश्न विचारतो. ३३च हवेत का? १९६६ ते १९७७ या काळातल्या ब्रॉन्कोचं मागचं चाकाचं तोंड मुळातच लहान आणि खाली उतरलेलं आहे. त्यामुळे त्या काळात बहुतेक मालकांनी मोठे टायर घालायला सरळ करवत चालवली. न कापलेल्या गाड्या आज कमी उरल्यात आणि त्यांना भावही जास्त मिळतो. अडीच इंचांची लिफ्ट (सस्पेन्शन तेवढं उंच केलेलं) आणि योग्य रिम असेल तर ३१ बाय १०.५० इंचांचे टायर साधारणपणे न कापता बसतात. तेवढ्यात तुमचं भागत असेल तर पुढचं वाचू नका, ग्राइंडर पेटीतच राहू द्या.

पण खडकांवर गाडी घालणार असाल तर कापण्यात पाप नाही. शर्यतीच्या गाड्या बांधणाऱ्या बिल स्ट्रॉपीने १९७१ ते ७५ दरम्यान बाहा ब्रॉन्को नावाच्या ज्या खास गाड्या तयार केल्या, त्यांचेही फेंडर कापलेले होते आणि वर फ्लेअर होते. फक्त एकदा कापलेला पत्रा परत जोडायचा तर बहुतेक वेळा अख्खं क्वार्टर पॅनेल (बॉडीच्या मागच्या बाजूचा बाहेरचा पत्रा) बदलावं लागतं, हे डोक्यात पक्कं असू द्या.

आता मुद्द्याचं. फ्लेअरमुळे टायरला जागा मिळत नाही, जागा तुम्ही कापून करता. फ्लेअर फक्त ती कड झाकतो आणि बाहेर आलेल्या टायरचा चिखल अडवतो. संचाबरोबर आलेला कागदी साचा फ्लेअर कुठे बसेल ते सांगतो, तुमचा टायर कुठे जाईल ते सांगत नाही. म्हणून आधी टायरची हालचाल बघा, रेघ नंतर मारा.

बघायचं असं. जे टायर आणि ज्या रिम शेवटी वापरणार आहात त्याच चढवा. रिमचं बॅकस्पेसिंग (बसायच्या जागेपासून रिमच्या आतल्या कडेपर्यंतचं अंतर) कमी असेल तर टायर बाहेर येतो आणि सगळा हिशेब बदलतो, त्यामुळे उसन्या चाकांवर माप घेऊ नका. चेसिस स्टँडवर घ्या, मागचे शॉक सोडा. स्प्रिंगचा मुख्य पाटा ठेवून बाकीचे पाटे काढा, म्हणजे अॅक्सल जॅकने सहज वर जाईल. मग एका बाजूचा अॅक्सल बंप स्टॉपला (त्याला आणखी वर जाऊ न देणाऱ्या रबरी ठोकळ्याला) टेकेपर्यंत चाक उचला आणि दुसरं खाली लोंबू द्या. दोन्ही चाकं एकदम उचलून बघणं पुरेसं नाही, कारण एकच बाजू वर गेली की टायरचा माथा आत झुकतो आणि आतल्या व्हील वेलला (चाकावरच्या आतल्या पत्र्याला) भलत्याच जागी लागतो. टायरच्या खांद्याला खडू चोळून ठेवा, लागलं तिथे खूण आपोआप उठते.

इथे एक गोष्ट नीट बघा. अॅक्सल सरळ वर जात नाही. पाट्याचं पुढचं टोक चेसिसला पक्कं असतं आणि मागचं शॅकलवर (झुलत्या कडीवर) हलतं. कमानीतला पाटा दबून सपाट झाला की त्याची लांबी वाढते आणि अॅक्सल मागे सरकतो. लिफ्टचे पाटे जास्त वाकलेले असतात, त्यामुळे हे सरकणंही जास्त. गाडी उभी असताना अॅक्सलच्या मध्यावरून गोल काढून कापलं, की पुढच्या बाजूला उगाच मोकळी जागा राहते आणि मागच्या कोपऱ्यात टायर घासतो. कापलेल्या कितीतरी ब्रॉन्कोंच्या चाकामागे ती घासल्याची चमकती पट्टी दिसते, तिचं कारण हेच. तेव्हा तुमचा गोल थोडा मागे ढकललेला हवा. टायरचा आणि पत्र्याचा सगळ्यात जवळचा बिंदू जिथे असेल तिथे इंचभर मोकळं ठेवा, टायरला चिखल चिकटतो आणि तो दबून फुगतोही.

पुढचे फेंडर त्यामानाने सोपे. तिथे वर-खालीबरोबर स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा. टायर बहुतेक वेळा फेंडरच्या मागच्या खालच्या कोपऱ्याला लागतो. आत तो रेडियस आर्मला (पुढचा अॅक्सल चेसिसला धरून ठेवणाऱ्या दांड्याला) घासत असेल तर ते फेंडर कापून सुटणार नाही, चाक किती वळेल ते ठरवणारे स्टेअरिंग स्टॉपचे बोल्ट थोडे बाहेर काढा.

रेघ मारताना रुंद मास्किंग टेप लावा आणि दोन रेघा काढा. पहिली फ्लेअरच्या बाहेरच्या कडेची, दुसरी कापायची. दोन्हींच्या मध्ये स्क्रूला धरायला पत्रा उरला पाहिजे. किती, ते फ्लेअरची पट्टी किती रुंद आहे त्यावर. माप जमिनीपासून घेऊ नका, बॉडीवर जी लांब धारदार रेघ आहे तिच्यापासून घ्या. एका बाजूचा पुठ्ठ्याचा साचा उलटा करून दुसऱ्या बाजूला वापरा, पण त्यावर आंधळा विश्वास नको. पन्नास वर्षांच्या गाडीची डावी-उजवी बाजू क्वचितच सारखी असते. लोहचुंबकही फिरवून बघा. तो चिकटत नाही तिथे पुट्टी आहे, आणि पुट्टीत स्क्रू धरत नाही.

कापायला एक मिलीमीटरची कटिंग डिस्क पुरते. आधी कार्पेट, सीट आणि आतली पॅनेलं काढा, पेट्रोलच्या टाकीचे पाइप कुठून गेलेत ते हाताने चाचपा आणि काचा जाड कापडाने झाका. ग्राइंडरच्या ठिणग्या काचेत बारीक खड्डे पाडतात, ते घासून जात नाहीत. जवळ पाण्याची बादली आणि आगीचा सिलिंडर ठेवा. पेट्रोलचा वास येत असेल तर त्या दिवशी काम नको.

इथपर्यंतचं काम दुपारभरात उरकतं. खरं काम पुढे आहे. मूळ कडेवर बाहेरचा पत्रा आणि आतलं व्हील वेल स्पॉट वेल्डने एकत्र बांधलेले असतात. तुम्ही ती कड कापून टाकता तेव्हा हे दोन पत्रे सुटे होतात आणि मध्ये फट उघडते. वर जाल तशी ती रुंद होते, बोट घालून बघा. ती तशीच ठेवून वर फ्लेअर लावला की चाकाने उडवलेला चिखल थेट क्वार्टर पॅनेलच्या पोटात जाऊन बसतो. बाहेरून गाडी चकचकीत, आतून पत्रा कुजतोय, असं होतं. शिवाय दोन पत्रे सुटले की पॅनेलची ताकदही जाते.

म्हणून दोन्ही पत्रे एकदम कापू नका. बाहेरचा रेघेवर कापा. आतला त्याहून लांब ठेवा, निदान फटीच्या रुंदीइतका. मग त्यात थोड्या थोड्या अंतरावर चिरा द्या, एकेक पट्टी हातोडीने बाहेर वाकवा आणि बाहेरच्या पत्र्याला भिडवून क्लॅम्प करा. पट्टी पोहोचत नसेल तिथे नव्या पत्र्याचा तुकडा घाला. वेल्डिंगआधी बॅटरी सोडा. बारीक वायरने मिग वेल्डिंगचे छोटे टाके मारा, एक इथे तर पुढचा लांब तिथे, मध्ये थंड होऊ द्या. सलग ओढलंत तर पातळ पत्रा लाटा घेतो आणि बाहेरच्या सपाट भागावर त्या लपत नाहीत. वेल्डिंग येत नसेल तर हा एक टप्पा डेंटरकडे द्या, त्यात कमीपणा नाही.

मग कडेला कानस मारा. धारदार कडेवर रंग टिकत नाही. उघड्या लोखंडावर इपॉक्सी प्रायमर द्या. साधा प्रायमर ओलावा शोषतो, त्यावर भिस्त ठेवू नका. प्रायमरवर सीम सीलर, त्यावर रंग, आणि शेवटी नळी आत घालून पोकळीत कॅव्हिटी वॅक्स. पाणी निचरायची खालची भोकं सीलरने बुजवू नका.

फ्लेअर सगळ्यात शेवटी, रंग पूर्ण वाळल्यावर. बॉडी आणि फ्लेअर यांच्यामध्ये रबरी पट्टी घाला, नाहीतर अडकलेली रेती सँडपेपरसारखी रंग खाते. पहिला स्क्रू माथ्यावर मधोमध, मग दोन्हीकडे आळीपाळीने खाली या. पाडलेल्या प्रत्येक भोकाच्या कडेला रंगाचा हात द्या आणि स्टेनलेस स्क्रूखाली नायलॉनचा वॉशर ठेवा. फ्लेअरची भोकं किंचित लांबट करा, कारण प्लास्टिक उन्हात पसरतं. स्क्रू करकचून आवळू नका, फायबरग्लासचा असेल तर तडा हमखास जातो. झाडी-खडकांतून जाणार असाल तर मी लवचीक फ्लेअरच घेईन. फायबरग्लास रंगवल्यावर देखणा दिसतो, पण एका फांदीत त्याचं काम होतं.

कट आणि फ्लेअर झाल्यावर काढलेले पाटे, शॉक परत लावा आणि अॅक्सल पाट्यांना बांधणारे यू-बोल्ट ठरलेल्या टॉर्कवर आवळा. पहिल्या खडकाळ फेरीनंतर टॉर्च घेऊन कडा बघा. कुठे रंग घासून लोखंड चमकत असेल तर लगेच पुन्हा ग्राइंडर उचलू नका. बंप स्टॉप थोडा उंच करून बघा, बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं.