टरेट पंचवरील टूलक्रम : वाचकांच्या शंका

वेर्णे, मडकई, कुंडई अशा गोव्यातील औद्योगिक वसाहतींतून येणाऱ्या बहुतेक पत्रांत एकच समजूत आढळते, की टरेट पंचचा, म्हणजे फिरत्या चकतीत (टरेटमध्ये) बसवलेल्या टूलनी पत्र्याला भोके पाडणाऱ्या यंत्राचा, प्रोग्रॅम पडद्यावर विनातक्रार चालला म्हणजे यंत्रावरही तो चालणारच. म्हणून या वेळची उत्तरे त्याच विषयावर आहेत.

सॉफ्टवेअरने आपोआप लावलेला टूलचा क्रम हाताने बदलता येतो का? (वेर्णे)

येतो, मात्र आधी मूळ फाइलची प्रत वेगळी ठेवावी.

लुव्हर (हवा जाण्यासाठी पत्र्यात कापून उठवलेल्या फटी) असलेली पॅनेलची दारे करताना पत्रा टरेटमध्ये अडकला. सिम्युलेशनमध्ये (पडद्यावरच्या चाचणीत) काहीच दोष दिसला नव्हता. असे का व्हावे? (कुंडई)

टरेट कमीत कमी फिरावा म्हणून सॉफ्टवेअर सहसा एका टूलचे सगळे ठोके एकत्र करते, आणि त्या हिशेबात लुव्हर कधीकधी भोकांच्या आधी येऊन बसते. वेळ वाचतो हे खरे, परंतु एकदा लुव्हर उठले की तो पत्रा सपाट राहत नाही, आणि पुढच्या प्रत्येक हालचालीत तो उंचवटा वरच्या टूलखालून किंवा पत्रा धरणारे क्लॅम्प सरकवून तो पुन्हा पकडताना त्याला दाबणाऱ्या पॅडखालून जावा लागतो. म्हणून आधी लहान भोके, मग मोठे कटआउट, त्यानंतर फॉर्मिंग (लुव्हरसारखे पत्रा उठवणारे काम) आणि शेवटी भाग सुटा करणारे काप, हा क्रम सर्वसाधारणपणे धरावा. आपल्याकडच्या पावसात उघड्यावरच्या पॅनेलला लुव्हर अनेकदा टाळता येत नाही, त्यामुळे ही चूक गोव्यात वारंवार होणार हे गृहीतच धरलेले बरे.

आता सिम्युलेशनविषयी. ते टूल लायब्ररीत भरलेल्या माहितीवरच चालते. तिथे लुव्हरची उंची भरलेली नसेल, तर पडद्यावर ते केवळ एक आयत असते आणि आयत कशालाही अडकत नाही. क्लॅम्पचेही तसेच आहे : ऑपरेटरने ते यंत्रावर हाताने सरकवले आणि प्रोग्रॅममध्ये जुनीच जागा राहिली, तर पंच थेट क्लॅम्पवर आदळू शकतो. क्रमातील एकच ओळ बदलली, तरी क्लॅम्पच्या खऱ्या जागा मोजून भरून संपूर्ण सिम्युलेशन पुन्हा चालवावे, मग पहिला नग कमी वेगाने एकेक ठोका पाहत काढावा. आपल्या टरेटमध्ये किती उंचीचे फॉर्मिंग खपते, हे मात्र यंत्राच्या मॅन्युअलमध्ये पाहावे किंवा निर्मात्याच्या अभियंत्याला विचारावे. शेजारच्या शेडमधील अनुभव इथे कामाचा नाही.

सॉफ्टवेअरचे नवीन मॉड्यूल घेतल्यास पहिल्या नगाची चाचणी लागणार नाही, असे विक्रेता सांगतो. (थिवी)

त्याला तुमचाच सर्वांत अडचणीचा जॉब, तुमच्याच टूल लायब्ररीसह, तुमच्यासमोर चालवून दाखवायला सांगा. प्रात्यक्षिकासाठी तो स्वतः आणतो त्या नमुन्यात फॉर्मिंग आहे का आणि क्लॅम्पजवळ भोके आहेत का, तेही पाहा.

मायक्रोजॉइंट (भाग पत्र्यातून सुटून पडू नये म्हणून न कापता ठेवलेला बारीक दुवा) किती रुंद ठेवावा? (मडकई)

जाडी, धातू आणि भागाचे वजन पाहून टाकाऊ तुकड्यावर चाचणी घ्यावी. टूल पुरवठादाराकडेही विचारणा करावी.

दोन महिन्यांपूर्वी टरेटमध्ये मोठा आवाज झाला होता. तेव्हापासून एकाच स्टेशनच्या (टरेटमधील टूल बसवण्याच्या जागेच्या) भोकांना एका बाजूने बर (कडेला उरणारी धारदार किनार) येते. टूलचा क्रम बदलून पाहू का? (पिसुर्ले)

नाही. बर एकाच बाजूला येत असेल, तर पंच आणि डाय (पत्र्याखालचा साचा) एका रेषेत नसल्याचा संशय आधी घ्यावा लागतो, आणि त्याला क्रमातील कोणताही बदल उपाय ठरत नाही. दोन महिने कशाची वाट पाहिली, हे मला कळत नाही. ते स्टेशन आजच बंद ठेवा, त्यातील टूल इतर स्टेशनमध्ये हलवून काम चालवू नका, आणि सर्व्हिस अभियंत्याकडून टरेटचे अलाइनमेंट तपासून घ्या.