सी-१८ (तेलकट पृष्ठभागाचा नेहमीचा एचपीएलसी कॉलम) वर व्हॉइडलाच, म्हणजे न थांबता सुरुवातीलाच, येणारे पोलर कंपाऊंड हिलिकमध्ये (पोलर पृष्ठभागाच्या कॉलमवर) वेगळे कसे होतात? लॅबमधलाच साधा सिलिका कॉलम चालेल का?

तुम्ही प्रश्नात लिहिलंय ना, की सर म्हणतात "हिलिकचा काही भरवसा नाही, आयन पेअर टाक आणि मोकळा हो", त्या एका ओळीसाठी उत्तर लिहितोय. अगदी हेच मी एमआयडीसीतल्या एका कंपनीत ऐकलंय आणि अजून डोक्यातून गेलेलं नाही.

मेटफॉर्मिन (डायबेटिसचं औषध) होतं, सोबत सायनोग्वानिडिन आणि मेलामाइन या इम्प्युरिटी बघायच्या. सी-१८ वर तिन्ही सुरुवातीलाच गर्दी करून बाहेर. आमच्या सीनियरांचा उपाय ठरलेला, हेप्टेन सल्फोनेट, म्हणजे धनभारित कंपाऊंडशी जोडी जमवून त्याला सी-१८ वर थांबवणारं आयन पेअर रसायन. मी अमाइड कॉलम (हिलिकचाच एक प्रकार) लावला, अॅसिटोनायट्राइल जास्त, बाकी अमोनियम फॉर्मेट बफर. पण सॅम्पल पाण्यातच बनवायचं असा त्यांचा हट्ट, कारण जुन्या मेथडमध्ये डायल्युएंट, म्हणजे सॅम्पल विरघळवायचा द्रव, पाणी होतं. मी दोन व्हायल केल्या, एक त्यांच्या म्हणण्याप्रमाणे पाण्यात आणि दुसरी, आधी थोड्या पाण्यात विरघळवून मग अॅसिटोनायट्राइल टाकून ८०:२० (अॅसिटोनायट्राइल:पाणी) पर्यंत नेलेली. पाण्याच्या व्हायलचा पीक पुढून फुगलेला, वरून फाटलेला. दुसरीचा सरळ, नीट पीक, सायनोग्वानिडिन आधी आणि मेटफॉर्मिन बरंच नंतर. सीनियरांनी पहिला प्रिंटआउट बघितला, 'अनसुटेबल' लिहून सही केली आणि दुसरा हातातसुद्धा घेतला नाही.

आता असं का झालं ते समजलं की तुमच्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आलं. हिलिकमध्ये अॅसिटोनायट्राइल साधारण ६० ते ९५ टक्के असतं, उरलेलं पाणी पोलर पृष्ठभागाकडे ओढलं जातं आणि तिथे पाण्याचा एक पातळ थर बसतो. कंपाऊंड जितकं पोलर तितकं ते या थरात जास्त वेळ रमतं, कमी पोलर असेल ते अॅसिटोनायट्राइलबरोबर पुढे निघून जातं. म्हणजे इथे पाणी हा स्ट्राँग सॉल्व्हंट, कंपाऊंडला कॉलमवरून पुढे ढकलणारा. पाण्यातलं सॅम्पल टोचलं की त्या सॅम्पलसोबतच स्ट्राँग सॉल्व्हंटचा लोंढा आत जातो आणि कंपाऊंड धरायच्या आधीच पुढे ढकललं जातं. यात कॉलमचा दोष काय? ग्रेडियंटही (रन चालू असताना सॉल्व्हंटचं प्रमाण बदलत नेणं) याच कारणाने सी-१८ च्या उलटा, जास्त अॅसिटोनायट्राइलपासून पाण्याकडे.

पण नुसतं पार्टिशन, म्हणजे पाण्याचा थर आणि अॅसिटोनायट्राइल यांत वाटलं जाणं, एवढंच नाही, हायड्रोजन बाँडिंग असतं, चार्जचा खेळ असतो. साध्या सिलिकावर सिलॅनॉल (पृष्ठभागावरचे Si-OH गट) ऋणभारित होतात आणि मेटफॉर्मिनसारख्या धनभारित कंपाऊंडला ते वेगळं ओढतात, म्हणून तिथे बफरची स्ट्रेंथ बदलली की रिटेन्शन, म्हणजे कॉलमवर थांबण्याचा वेळ, बदलतं. तुमचा सिलिका कॉलम चालेल, फक्त बफरशिवाय लावू नका. आणि फॉस्फेट तर नकोच, इतक्या अॅसिटोनायट्राइलमध्ये ते खाली बसतं आणि पंप बंद पडतो.

हे काल-परवाचं फॅड असल्यासारखं बोलतात त्याचा मला राग येतो. हिलिक हे नाव अँड्र्यू अल्पर्टने १९९० मध्ये दिलं, पण अमिनो कॉलमवर अॅसिटोनायट्राइल-पाण्यात साखरा वेगळ्या करणं १९७० च्या दशकातच चालू होतं. आणि आयन पेअरचं काय हो? कॉलमवर एकदा हेप्टेन सल्फोनेट बसलं की ते पूर्ण निघत नाही, तो कॉलम कायमचा त्याच मेथडला बांधला जातो, आणि मास स्पेक्ट्रोमीटरला जोडायचं म्हटलं की सगळं अडतं. उद्या तुम्हाला ट्रेस लेव्हलला जायचं असेल तर तेव्हा काय करणार?

एक मात्र खरं, हिलिक कॉलमला इक्विलिब्रेशनला, म्हणजे सॉल्व्हंटशी जुळून स्थिर व्हायला, वेळ लागतो, किमान वीसेक कॉलम व्हॉल्यूम जाऊ द्या, ग्रेडियंट असेल तर प्रत्येक रननंतर नीट परत येऊ द्या, नाहीतर रिटेन्शन सरकत राहील आणि सर म्हणतील बघ, मी सांगितलं होतं. शिवाय सॅम्पल काँसन्ट्रेटेड असेल तर अॅसिटोनायट्राइल टाकताना मेटफॉर्मिन बाहेर पडू शकतं, व्हायल उजेडात धरून बघा. अॅसिटोनायट्राइलचा खर्च हा मुद्दाही खोटा नाही.

पण आधी तुम्ही ते दोन व्हायलचं करा. एकाच सीक्वेन्समध्ये, एकाच कॉलमवर, फक्त डायल्युएंट वेगळा. दोन्ही क्रोमॅटोग्राम ओव्हरले करून एकाच पानावर प्रिंट काढा, सुटे दोन कागद देऊ नका, म्हणजे सही करणाऱ्याला दोन्ही बघावेच लागतील.