द्वेषगुन्हा, दहशतवाद आणि ‘द्विष्’ धातू

पेडण्याच्या एका शिक्षिकाबाईंचा प्रश्न आहे: ‘भाई, परदेशातल्या एकाच गोळीबाराला एक वाहिनी हेट क्राइम म्हणते, दुसरी आतंकी हमला. नववीच्या मुलांना बातमीलेखन शिकवताना कुठला शब्द द्यायचा? दोन्हींत फरक आहे की नाही? हेट क्राइमला द्वेषापराध म्हणायचं की द्वेषगुन्हा? की आपला दुस्वास चालेल?’

बाई, सगळ्यात आधी ‘आतंकी हमला’ मुलांच्या वहीतून खोडा. मराठीत हल्ला होतो आणि तो दहशतवादी करतात. हिंदी वाहिन्यांचा मजकूर घाईघाईत उतरवून घेणाऱ्यांनी हा ‘आतंकी’ आपल्या गळ्यात मारला आहे. त्याची बाजू घेणारे वर सांगतात की दहशत अरबी, आतंक संस्कृत, म्हणून आतंक शुद्ध. संस्कृतचा हवाला देणाऱ्यांनी संस्कृत ग्रंथ उघडून तरी पाहावेत. चरकसंहितेच्या निदानस्थानात सुरुवातीलाच रोगाचे पर्याय दिले आहेत: व्याधी, आमय, गद, आतंक, यक्ष्मा, ज्वर, विकार, रोग. आतंक म्हणजे दुखणं. त्याला भीतीचाही अर्थ आहे, हे खरं. पण दुखण्याला हेतू नसतो. ताप कुणाला धडा शिकवायला येत नाही. दहशतवादात तर हेतू हाच सगळा मामला असतो.

दुसरी चीड गव्यावरून येते. सत्तरीत काजूच्या बागायतीत गवा उतरला की दुसऱ्या दिवशी मथळा तयार: ‘गव्याची दहशत’. मग भटक्या कुत्र्यांची दहशत, माकडांची दहशत, बिबट्याची दहशत. मी बावीस वर्षं पणजीत मुद्रितं तपासली. जिथे हात पोचला तिथे ‘भीती’ केलं, आणि सकाळी अंकात पुन्हा दहशतच छापलेली पाहिली. गवा हा गोव्याचा राज्यप्राणी. तो चाऱ्यासाठी येतो, बिथरला तर शिंग मारतो. त्याला कुणाला काही बजावायचं नसतं. सत्तरीतली म्हातारी नेमकं बोलते: ‘म्हाका भिरांत दिसता’, मला भीती वाटते. भिरांत तिच्या मनातली आहे, गव्याने ती पेरलेली नाही. दहशत पेरावी लागते. ऊठसूट कुठल्याही जनावराला हा शब्द लावला, की खरी दहशत माजवणारा माणूस समोर येतो तेव्हा त्याच्यासाठी शब्दच उरत नाही.

अरबीत ‘दहशा’ म्हणजे थक्क होणं, सुन्न होणं. फारसीतून आपल्याकडे येईपर्यंत त्याची भीती झाली. आजही अरबी वर्तमानपत्रं दहशतवादाला ‘इरहाब’ म्हणतात, दहशत हा शब्द तिकडे त्या कामाला लावलेलाच नाही. पण मला तो मूळचा अर्थ मोलाचा वाटतो: दहशत म्हणजे दातखीळ बसणं. उलट इंग्रजी ‘टेरर’मध्ये आहे तो थरकाप. लॅटिन ‘तेरेरे’ आणि आपला ‘त्रस्’ हे एकाच मुळाचे. नाट्यशास्त्रात तेहेतीस व्यभिचारी, म्हणजे येऊनजाऊन असणारे, भाव मोजले आहेत, त्यांतला ‘त्रास’ तो हाच, अंगाला कंप सुटवणारा. मराठीत तो झिजत झिजत पित्ताच्या त्रासावर येऊन थांबला. जुना दम राहिला तो ‘संत्रस्त’मध्ये. आणि ‘टेररिझम’ हा शब्द मुळात कुणासाठी घडला? फ्रान्समध्ये, 1794च्या सुमारास, रोबेस्पिएरच्या राजवटीने गिलोटिनवर जी माणसं चढवली त्या कारभारासाठी. म्हणजे सरकारने माजवलेल्या भीतीसाठी. हे आज कुणी ध्यानात घेत नाही.

आता फरक. तीन वर्षांपूर्वी फोंड्याजवळ रस्त्याकडेला एक शहाळीवाला बसायचा, बेळगावच्याही पलीकडून आलेला. एके रात्री मोटरसायकलवरून तिघे पोरगे आले, ‘घाटी’ म्हणून ओरडले, गाडा उलटा केला आणि गेले. सकाळी मी दूध आणायला निघालो तेव्हा शहाळी गटारापर्यंत घरंगळलेली होती आणि त्याने कोयता तेवढा उचलून पोटाशी धरला होता. त्याचं कुणाशी भांडण नव्हतं, उधारी नव्हती. तो ‘त्यांच्यातला’ होता, एवढंच. हा द्वेषगुन्हा. त्याच रस्त्यावर त्याच्याच भाषेतल्या माणसांचे आणखी चार गाडे होते: भेळेचा, कलिंगडांचा, भज्यांचा, आणि एक चपला दुरुस्त करणारा. त्या दिवशी चारही उघडले नाहीत. त्या चौघांना कुणी बोटसुद्धा लावलं नव्हतं. ही दहशत.

चौघांनी घाबरावं म्हणून त्या पोरांनी गाडा उलटवला, की नुसता माज केला आणि भीती आपसूक पसरली? या ठिकाणी सीमा पुसट होते. द्वेषगुन्ह्यात विचारायचं, हाच का निवडला? दहशतवादात विचारायचं, हे कुणाला दाखवायला केलं? दोन्ही प्रश्नांना एकाच कृत्यात उत्तर मिळू शकतं, आणि पुष्कळदा मिळतंच.

कायद्यांनाही हे नीट सुटलेलं नाही. अमेरिकेत चार्ल्स्टनला जून 2015मध्ये एका गोऱ्याने कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये प्रार्थनेला जमलेली नऊ माणसं मारली. त्याच्यावर केंद्रीय कायद्याखाली 33 आरोप ठेवले, त्यांत द्वेषगुन्ह्याचे होते, दहशतवादाचा एकही नव्हता. तिथल्या केंद्रीय कायद्यात देशांतर्गत दहशतवादाची व्याख्या आहे, पण तो स्वतंत्र गुन्हा म्हणून लावायची सोय नाही. न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चच्या मशिदींत 15 मार्च 2019 रोजी 51 जण मारले गेले, तिथे मारेकऱ्याला खुनांबरोबर दहशतवादी कृत्यासाठीही दोषी ठरवलं. न्यूयॉर्क राज्याने तर 2020मध्ये दोन्ही शब्द एकत्र बांधून ‘द्वेषप्रेरित देशांतर्गत दहशतवाद’ असा गुन्हाच केला. मे 2022मध्ये बफेलोच्या बाजारात दहा कृष्णवर्णीयांना मारणाऱ्याला तो लागला. आपल्याकडे 1 जुलै 2024पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम 103(2) पाहा: पाच किंवा अधिक माणसांनी मिळून वंश, जात, समुदाय, लिंग, जन्मस्थान, भाषा, वैयक्तिक श्रद्धा अशा कारणावरून केलेला खून. ‘द्वेष’ हा शब्द त्यात नाही, पण वर्णन द्वेषगुन्ह्याचंच आहे. आणि कलम 113, दहशतवादी कृत्याचं, लोकांमध्ये ‘किंवा लोकांच्या कोणत्याही घटकामध्ये’ दहशत निर्माण करण्याबद्दल बोलतं. या ‘कोणत्याही घटकामध्ये’वर बोट ठेवा. माझ्या रस्त्यावरचे चार गाडे हाही लोकांचा एक घटकच. वकील म्हणतील, तिथे बॉम्ब, बंदूक असलं साधनही लागतं. लागू दे; मी खटला भरत नाही, शब्द पाहतो आहे.

आणि वर्तमानपत्रांनी जे चालवलं आहे ते मला अजिबात मान्य नाही. मारेकऱ्याचं नाव ओळखीचं वाटलं तर ‘माथेफिरू’, परकं वाटलं तर ‘दहशतवादी’. कृत्य तेच, मेलेली माणसं तेवढीच. शब्द कृत्यावरून ठरवा, करणाऱ्याच्या नावावरून नको. मुलांना एवढं शिकवलंत तरी बातमीलेखनाचा अर्धा धडा झाला.

आता ज्यासाठी मी मुख्यतः लिहायला बसलो ते सांगतो. आमच्या देवळात लघुरुद्र व्हायचा तेव्हा शेवटच्या अनुवाकाच्या, म्हणजे मंत्रखंडाच्या, अखेर यायचं: ‘ते यं द्विष्मो यश्च नो द्वेष्टि तं वो जम्भे दधामि.’ आम्ही ज्याचा द्वेष करतो आणि जो आमचा द्वेष करतो, त्याला तुमच्या जबड्यात देतो. जम्भ म्हणजे जबडा, हे आजोबांनी सांगितल्यापासून ती ओळ आली की मी कान टवकारायचो. हा ‘द्विष्’ मोठा बोलका धातू आहे. संस्कृतच्या बहीण-भाषांत त्याचे नातलग सापडतात. ग्रीकमध्ये ‘देओस’ म्हणजे भय आणि ‘देइनोस’ म्हणजे भयंकर. दोन्हींतला ‘द’नंतरचा ‘व’ गळला आहे, मूळ धातू ‘द्वेइ’, भिणे. पारशांच्या धर्मग्रंथात, अवेस्तात, ‘द्वएथा’ म्हणजे धमकी. लॅटिनमध्ये ‘दीरुस’ म्हणजे भीषण, अशुभ. रिचर्ड ओवेनने 1842मध्ये जमिनीतून निघालेल्या त्या प्रचंड हाडांच्या धन्याला नाव दिलं, तेव्हा ‘देइनोस’ला ‘साउरोस’ म्हणजे सरडा जोडला. आपल्या पोरांच्या तोंडी दिवसरात्र असलेला डायनासोर हा असा द्वेषाचा चुलतभाऊ आहे.

यूलिउस पोकोर्नी या भाषाशास्त्रज्ञाने 1959च्या त्याच्या व्युत्पत्तिकोशात ‘द्वेष्टि’ला याच भिण्याच्या धातूखाली घातलं होतं. नंतरच्या कोशकारांनी दोन कप्पे केले: ‘द्वेइ’ भिणे वेगळा, ‘द्वेइस्’ द्वेष करणे वेगळा. का, तर अर्थ जुळत नाही. अर्थ जुळत नाही? यांनी कधी द्वेष करणारा माणूस जवळून पाहिला आहे का? आणि जो वाढीव ‘स’ यांना खुपतो तो संस्कृतात ढळढळीत दिसतो. ‘भी’ म्हणजे भिणे. त्याला ‘ष्’ जोडून भीषयते, भीषण, भीष्म. ‘भी’पासून ‘भीष्’ होतो, तर ‘द्वि’पासून ‘द्विष्’ का होऊ नये? ‘त्रस्’मधला स्‌ही मला असाच वाटतो, लॅटिनमध्ये थरथरण्याला ‘त्रेमेरे’ही आहे, म्हणजे ‘त्र’ तोच आणि शेपूट तेवढं बदललेलं. तीन धातू, तिन्ही भीतीचे, आणि तिन्हींना तोच शेवट. हा योगायोग म्हणून सोडून द्यायला मी तयार नाही.

पोकोर्नी आणखी एक पाऊल पुढे गेला. हा ‘द्वेइ’ त्याने ‘दोन’ या संख्येशी जोडला: मन दोन ठिकाणी होणं, आणि त्यातून भिणं. इथे मी त्याच्याहीपुढे जातो, आणि ही माझी स्वतःची जोडणी आहे. मराठीत फुटीचे शब्द पाहा: दुही, दुफळी, दुभंग, आणि सगळ्यांत चपखल ‘दुजाभाव’. आधी कुणीतरी ‘दुजा’ ठरतो, मग त्याची भीती वाटते, मग त्या भीतीचा द्वेष होतो, आणि शेवटी तीच भीती उलटून त्याच्यात पेरली जाते. घाबरलेला घाबरवतो. द्वेषगुन्हा आणि दहशतवाद यांच्यातली रेघ कायद्याला आखता येत नाही, कारण शब्दाच्या मुळाशीच ती नव्हती. ‘हे काव्य झालं’ असं एका जाणत्या स्नेह्यांनी मला पत्राने कळवलं होतं. काव्य नव्हे. शब्दांचे अर्थ कुठल्या वाटेने सरकतात ते माणसाकडे पाहूनच कळतं, नुसत्या ध्वनिनियमांच्या तक्त्यातून कळत नाही.

‘द्वेषापराध’चं म्हणाल तर तो अजिबात नको. शुद्धीच्या नावाने तो सुचवणाऱ्यांनी ‘अपराध’ फोडून पाहिलेला नाही. अप आणि राध्: चुकणं, नेम हुकणं. अमरकोशात ज्याचा बाण लक्ष्यावरून घसरला त्या धनुर्धराला ‘अपराद्धपृषत्क’ म्हटलं आहे. द्वेषाच्या गुन्ह्यात नेम हुकलेला नसतो, तो धरूनच आलेले असतात. आणि ‘गुन्हा’ फारसी म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. फारसी ‘गुनाह’ पहलवीत, म्हणजे फारसीच्या आधीच्या रूपात, ‘विनाह’ होता. सुरुवातीचा ‘वि’ फारसीत ‘गु’ होतो, जसा विश्तास्प राजाचा गुश्तास्प झाला. त्या विनाहचं नातं थेट आपल्या ‘विनाश’शी आहे. ‘द्वेषगुन्हा’ हा धेडगुजरी समास नाही, लांब गेलेली दोन भावंडं पुन्हा एका घरात आली आहेत. एकच शब्द लिहा, मध्ये जोडरेघ नको, द्वेषगुन्ह्याचा, द्वेषगुन्ह्यांत. बफेलोसारख्या घटनेला ‘द्वेषातून दहशतवाद’ असा मथळा मुलांनी दिला तर पूर्ण गुण द्या.

राहिला दुस्वास. शब्द गोड आहे, गोव्यात कोंकणीतही रोजचा आहे, पण इथे चालणार नाही. दुस्वास ओळखीच्या माणसाचा होतो: जावेचा, सवतीच्या पोराचा, शेजारच्या घराला नवा सोपो झाला त्याचा. त्या रुद्रातही पाहा, ‘यं’ आणि ‘तं’ एकवचनी आहेत. म्हणणाऱ्याला आपला वैरी माहीत आहे. फोंड्याच्या त्या तीन पोरांना शहाळीवाल्याचं नावही ठाऊक नव्हतं.