काटा चुकतो की खबर चुकते? जुन्या गाडीच्या मीटरवरची प्रश्नोत्तरे

बहुतेक वाचक एकच गोष्ट विचारतात: मीटर चुकीचं दाखवतंय, नवीन कोणतं बसवू? डॅशबोर्डवरचा काटा हा साखळीतला शेवटचा माणूस. त्याच्या आधी सेंडर (टाकीत किंवा इंजिनावर बसून मीटरला खबर देणारा भाग), वायर, अर्थ (बॅटरीकडे परतणारा, बॉडीतून जाणारा जोड) आणि व्होल्टेज येतात, आणि दोष बहुतेक वेळा तिथेच सापडतो. म्हणून मल्टिमीटर आधी, खरेदी नंतर.

प्रश्न: गाडी सुरू करून पाच मिनिटं झाली की पेट्रोलचा काटा फुलच्याही वर जातो आणि टेम्परेचरचा लाल पट्ट्याला टेकतो. टाकी अर्धी आहे, इंजिन गार आहे. दोन्ही मीटर एकदम कसे गेले?

दोन मीटर एकाच दिवशी जात नाहीत. त्यांच्यात सामाईक काय आहे ते बघा. काटे सावकाश चढणाऱ्या जुन्या मीटरना क्लस्टरच्या (डॅशबोर्डवरच्या मीटरच्या संचाच्या) मागचा व्होल्टेज स्टॅबिलायझर पुरवठा करतो. काडेपेटीहूनही लहान अशी ती पत्र्याची डबी असते. आत गरम होऊन वाकणारी पट्टी सतत जोड-तोड करते आणि सरासरी १० व्होल्टच्या आसपास देते (काही गाड्यांत ५). या डबीला अर्थ तिच्या अंगातून मिळतो. स्क्रूखाली गंज किंवा रंग असला की पट्टी तापत नाही, जोड सुटत नाही आणि बॅटरीचा पूर्ण दाब दोन्ही मीटरवर जातो. तुमची लक्षणं हीच आहेत.

स्क्रू काढा, जागा पॉलिश पेपरने चकचकीत करा, डबीपासून बॉडीपर्यंत एक वेगळी अर्थ वायर टाका. डिजिटल मल्टिमीटरवर तपासाल तर आकडे नाचतील, ते स्वाभाविक आहे. १२ व्होल्टचा छोटा टेस्ट लॅम्प लावा. लुकलुकला तर पट्टी काम करतेय, सलग पेटला तर नाही. बदलायचाच असेल तर ७८१० आयसीवर (स्थिर १० व्होल्ट देणाऱ्या चिपवर) बांधलेला इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझर चांगला, इनपुट-आउटपुटला कपॅसिटर हवेतच. मात्र पॉझिटिव्ह अर्थच्या (बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला असलेल्या) गाडीत तो चालत नाही, तिथे ७९१० लागतो. बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला आहे, ते बघितल्याशिवाय जोडू नका. खात्री नसेल तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडून जोडून घ्या.

एकच काटा चुकत असेल तर स्टॅबिलायझरच्या मागे लागू नका.

प्रश्न: काचेवर टिचकी मारली की काटा हलतो. असंच चालू ठेवलं तर?

नको. मागचं कनेक्शन सैल आहे किंवा काट्याची धुरी अडकतेय. धुरीत तेल सोडू नका, त्यावर धूळ बसून ती आणखी अडकते. मीटर दुरुस्त करणाऱ्याकडे द्या.

प्रश्न: टाकी अर्धी झाली की पेट्रोलचा काटा मध्येच खाली पडतो, पुन्हा वर येतो. मीटर बदलू?

मीटर ठीक आहे. टाकीतल्या सेंडरची रेझिस्टन्स वायर ज्या जागी सर्वात जास्त घासते तिथे झिजली आहे. आधी सेंडरची बॉडी आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यात ओहम मोजा. एक ओहमहून जास्त आले तर अर्थ खराब आहे, तो सुधारा. तरीही काटा पडला तर सेंडर बदला, पण रेंज जुळवूनच. काही सेंडर रिकाम्या टाकीला २४० ओहम आणि भरलेल्या टाकीला ३३ दाखवतात, काही रिकाम्याला १० आणि भरलेल्याला १८०. उलटा बसवलात तर टाकी भरली की काटा शून्यावर येईल. "सगळ्या गाड्यांना चालतो" म्हणून विकला जाणारा सेंडर म्हणजे कोणत्याच गाडीला नीट न चालणारा.

काम करताना बॅटरीची वायर आधी सोडा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची असते, कारण आत वाफ असते. तिथे सोल्डरिंग नको, ड्रिल नको. टाकी उतरवायची वेळ आली तर गॅरेजमध्येच.

प्रश्न: टेम्परेचरचा काटा लाल पट्ट्याजवळ जायचा. गॅरेजमध्ये सेंडरच्या वायरमध्ये छोटा रेझिस्टर टाकला, आता काटा मध्यावर असतो. जुन्या गाड्यांना असंच करतात म्हणे. काही तोटा?

तो रेझिस्टर आजच काढा. मग पुढचं वाचा.

हा सेंडर तापला की त्याचा रेझिस्टन्स घटतो. समजा, गार इंजिनाला तो ३०० ओहम दाखवतो आणि लाल पट्ट्याला ३०. मध्ये ५० ओहम टाकले तर गार असताना ३५० होतात, काटा जेमतेम हलतो. पण खरा धोका येतो तेव्हा ३० चे ८० होतात आणि मीटरला वाटतं इंजिन मध्यम गरम आहे. म्हणजे तुमचा काटा लाल पट्ट्यावर आता पोचूच शकत नाही. पाणी संपेल, हेड वाकेल, गॅस्केट जाईल, काटा मात्र मध्यावर निवांत. तापाच्या थर्मामीटरवर चिठ्ठी चिकटवून ताप उतरवण्याचा हा प्रकार आहे, आणि त्याचे पैसेही घेतले जातात.

आधी ठरवा, इंजिन खरंच तापतं का? इन्फ्रारेड थर्मामीटर थर्मोस्टॅटच्या (गरम पाणी रेडिएटरकडे सोडणाऱ्या झडपेच्या) घराजवळ धरा. चकचकीत अॅल्युमिनियमवर तो कमी तापमान दाखवतो, म्हणून तिथे काळ्या टेपचा तुकडा चिकटवा आणि त्यावर मोजा. बऱ्याच गाड्यांचा थर्मोस्टॅट ८२ किंवा ८८ अंशांना उघडतो. वाचन त्याच्या आसपास असेल तर इंजिन निरोगी, सेंडर किंवा त्याची वायरिंग खोटी. वाचन १०५ च्या वर असेल तर मीटर सोडा आणि कूलिंगचं काम करून घ्या.

सेंडर तपासायचा असेल तर इंजिन पूर्ण गार झाल्यावर तो काढा. थर्मामीटर ठेवलेल्या पाण्यात फक्त त्याचं टोक बुडवा, ४०, ६०, ८० आणि ९५ अंशांना ओहम लिहून ठेवा आणि वर्कशॉप मॅन्युअलशी ताडून बघा. आटे जुळतात म्हणून दुसऱ्या गाडीचा सेंडर बसवला असेल तर दोष इथेच सापडतो. परत बसवताना आट्यांवर टेफ्लॉन टेपचे वेढे देऊ नका. त्याला अर्थ आट्यांतूनच मिळतो. टेपमुळे रेझिस्टन्स वाढतो आणि काटा खोटा खाली राहतो.

आणि एक. चढत गेलेला काटा अचानक खाली आला तर हायसं वाटून घेऊ नका. पाणी इतकं कमी झालेलं असू शकतं की सेंडर कोरड्या वाफेत उघडा पडला. बाजूला घ्या, इंजिन बंद करा, गार होईपर्यंत रेडिएटरचं झाकण उघडू नका. थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर त्याच्याकडे गाडी नेऊ नका.

प्रश्न: १६५/८० आर १३ काढून १७५/७० आर १३ टायर टाकले. स्पीडोमीटर जास्त वेग दाखवतो. मीटर बिघडला?

थोडा टायरचा हात आहे. आधीच्या टायरचा व्यास ५९४ मिमी, नव्याचा ५७५. चाक ३.३ टक्के जास्त फिरतं, म्हणून आधी बरोबर असलेला मीटर खऱ्या ८० ला साधारण ८३ दाखवेल. यापेक्षा जास्त फरक असेल तर ओडोमीटर जीपीएसच्या अंतराशी ताडा. तोही त्याच टक्क्याने जास्त मोजत असेल तर कारण टायर किंवा गिअरमध्ये. त्याचा फरक टायरमुळे येणाऱ्या ३.३ टक्क्यांएवढाच असेल तर मीटरमधली हेअरस्प्रिंग (काट्याला मागे खेचणारी बारीक स्प्रिंग) सैल झाली आहे. स्प्रिंगला घरी हात लावू नका. संयुक्त राष्ट्रांचा नियम क्र. ३९ नव्या गाडीच्या मीटरला खऱ्या ८० ला ९२ पर्यंत दाखवायची मुभा देतो, कमी दाखवायची नाही.

प्रश्न: त्याच मीटरचा काटा थरथरतो.

केबल. कोरडी असेल किंवा कुठेतरी आवळून वळली असेल. आतली तार काढून पुसा, खालच्या दोन तृतीयांश भागाला हलकं ग्रीस लावा. वरचे १०-१५ सेंमी कोरडे ठेवा, नाहीतर ग्रीस चढून मीटरमध्ये जातं.

प्रश्न: गरम झाल्यावर आयडलला ऑइलचा काटा शून्याजवळ. सेंडर स्वस्त आहे, तोच बदलून बघू?

स्वस्त आहे म्हणून बदलून बघणं हा सट्टा झाला. सेंडरच्या जागी मेकॅनिकल गेज लावून खरा दाब मोजा. दर १००० आरपीएमला सुमारे १० पीएसआय हा ढोबळ हिशेब, अंतिम आकडा मॅन्युअलचा. गेजवरही कमी असेल तर बेअरिंग किंवा पंपाचं काम आहे, चांगल्या मेकॅनिकला दाखवा. मोजेपर्यंत गाडी चालवू नका.

प्रश्न: क्लस्टरमधले सगळे बल्ब एलईडी केले, आता बॅटरी चार्ज होत नाही.

चार्जिंगच्या दिव्याचा जुना बल्ब परत लावा. बऱ्याच जुन्या गाड्यांत अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट त्याच बल्बमधून मिळतो, एलईडीतून तेवढा जात नाही. तरीही बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट आले नाहीत तर अल्टरनेटर तपासून घ्या.

प्रश्न: दुसऱ्या गाडीचा क्लस्टर बसवला, त्यावर किलोमीटर कमी आहेत. गाडी विकताना सांगायला हवं का?

हो, लेखी. जुन्या क्लस्टरचं शेवटचं वाचन आणि बदलल्याची तारीखही त्यात लिहा.