स्टेम निघंना झाली तर काय करायचं?

वाचकांचे प्रश्न, घड्याळांची उत्तरं

या महिन्यात भिंतीवरच्या घड्याळांबद्दलही पत्रं आली, पण मनगटी घड्याळाची चावी म्हणजे क्राउन आणि तिची दांडी म्हणजे स्टेम, ती मशीनमधून निघत नाही ही तक्रार इतक्या जणांनी लिहिली की पूर्ण जागा तिलाच दिलीय. भिंतीवरच्या घड्याळांचं पुढच्या अंकात बघू.

प्रश्न: वडिलांचं एचएमटीचं चावीचं घड्याळ आहे, त्यांना नोकरी लागली तेव्हा घेतलेलं. बंद पडलं म्हणून साफ करावं म्हटलं. लातूरच्या गंजगोलाई बाजारातून बारीक स्क्रूड्रायव्हरचा सेट आणला, मागचं झाकण उघडलं, स्टेमजवळचा छोटा स्क्रू ढिला केला, तरी स्टेम निघंना. चावी गोल फिरायली, ओढली की काटे लावायच्या जागेवर येते आणि तिथंच अडकते. अजून जोरात ओढू का? फोटो सोबत पाठवलाय. (एक शिक्षक वाचक, औसा, जि. लातूर)

उत्तर: सर, अजिबात ओढू नका, आणि हे मी अगदी कळकळीनं सांगतोय. एचएमटीची घड्याळं 1961 पासून बंगळुरूला जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानं बनायला लागली, आणि 2016 च्या जानेवारीत सरकारनं एचएमटी वॉचेस बंद करायचा निर्णय घेतला, म्हणजे आता जे पार्ट मिळतात ते जुन्या शिल्लक मालातले नाहीतर दुसऱ्या मेलेल्या घड्याळातून काढलेले. स्टेम मोडली तर मिळंल एखाद्या वेळी, पण तुमच्या मशीनला बसणारीच मिळंल याची खात्री नाही.

आता आत काय चाललंय ते आधी समजून घ्या, मग हात आपोआप सावकाश चालतो. स्टेमवर एक खाच असते. त्या खाचेत सेटिंग लिव्हर नावाच्या छोट्या पोलादी पट्टीचा खुंटा बसलेला असतो. ही पट्टी डायलच्या बाजूला असते आणि तुम्ही मागून जो स्क्रू ढिला केला तो थेट या पट्टीच्या आट्यांत गेलेला असतो. स्क्रू ढिला केला की पट्टी डायलकडं थोडी सरकते, खुंटा खाचेतून बाहेर येतो आणि स्टेम सुटते. तुमची चावी मोकळी फिरतेय म्हणजे गंजानं धरलेलं नाही, खुंटा अजून खाचेतच आहे. कडी घातलेलं दार ओढल्यासारखं चाललंय ते, कितीही ओढा, कडी निघाल्याशिवाय दार यायचं नाही आणि आलंच तर बिजागरीसकट येईल.

मग खुंटा सुटला का नाही? बहुतेक वेळा कारण साधं असतं, जुनं तेल. वर्षानुवर्षं सर्व्हिसिंग नाही झालं की तेल वाळून डिंकासारखं चिकट होतं आणि पट्टी जागेवरच चिकटून बसते, स्क्रू वर आलेला असतो पण पट्टी खाली गेलेलीच नसते. तर असं करा. घड्याळ डायल खाली करून स्वच्छ पांढऱ्या कागदावर ठेवा, म्हणजे काही पडलं तर दिसंल. चावी आत दाबलेली राहू द्या. स्क्रू साधारण एक ते दीड आटा ढिला आहे ना ते भिंगातून बघा, नसेल तर तेवढाच करा. आता लाकडी टूथपिकचं टोक थोडं बोथट करून स्क्रूच्या डोक्यावर सरळ खाली हळूच दाबा. स्क्रू खाली गेला की तो पट्टीला सोबत ढकलतो. दाबलेलं असतानाच दुसऱ्या हातानं चावी थोडी इकडं थोडी तिकडं फिरवत अलगद ओढा. टक असा छोटा आवाज नाहीतर बोटाला जाणीव होईल आणि स्टेम येईल. नाही आली तर चावी काटे लावायच्या जागेवर घेऊन हेच परत करून बघा, काही मशीनमध्ये त्या जागेवरून सोपं जातं.

स्क्रू पूर्ण काढायचा मोह होतो, ते मात्र टाळा. पूर्ण काढला तर पट्टी डायलखाली सुटून पडते, स्टेम निघते खरी पण परत घातल्यावर राहत नाही, हातात येते. मग मशीन केसमधून बाहेर, काटे काढा, मशीनच्या कडेचे डायलचे स्क्रू ढिले करा, डायल उचला, पट्टी जागेवर धरून मागून स्क्रू लावा, एवढं सगळं करावं लागतं. काटे काढताना डायलवर चरा पडला तर वडिलांच्या घड्याळाचं रूप जातं, म्हणून म्हणतो.

फोटोत मला अजून एक दिसलं. तुम्ही त्या स्क्रूशेजारच्या मोठ्या चाकाच्या स्क्रूलाही हात लावलाय, त्याची खाच एका बाजूनं खरवडलीय. ते क्राउन व्हील. बऱ्याच मशीनमध्ये त्याच्या स्क्रूचे आटे उलटे असतात, म्हणजे नेहमीच्या दिशेनं ढिला करायला गेलं की तो उलट आवळतो आणि शेवटी डोकं तुटतं. काही कंपन्या असा उलटा स्क्रू ओळखू यावा म्हणून त्याच्या डोक्यावर तीन खाचा करतात, पण सगळ्याच करत नाहीत. स्टेम काढायला त्या स्क्रूचं काही काम नाही, त्याला सोडून द्या. आणि स्क्रूड्रायव्हरचं पातं खाचेच्या रुंदीएवढंच घ्या, लहान पात्यानं खाच खराब होते.

एक गोष्ट राहिली, आणि ती आधी करायची आहे. पुढं पूर्ण मशीन खोलून साफ करायचं असेल तर स्टेम काढायच्या आधी स्प्रिंगमधला ताण उतरवा. बंद पडलेल्या घड्याळातही पूर्ण चावी दिलेली असू शकते. चावी बोटांत घट्ट धरा, मोठ्या रॅचेट चाकाच्या दातात अडकलेली छोटी क्लिक टूथपिकनं बाजूला करा आणि चावी बोटांतून सावकाश उलटी फिरू द्या, एकदम सोडू नका. स्टेम निघाल्यावर हे काम अवघड होतं, आणि ताण असताना वरचा ब्रिज म्हणजे चाकं धरून ठेवणारी पट्टी उघडली तर चाकांचे दात नाहीतर पिव्हट म्हणजे चाकांच्या दांडीची बारीक टोकं मोडतात. नुसती स्टेम काढून परत घालायची असेल तर ताणाची काळजी नाही, क्लिक त्याला धरून ठेवते.

परत घालताना स्टेम थोडी फिरवत आत सरकवा, तिचा चौकोनी भाग आतल्या पिनियनच्या म्हणजे छोट्या दातेरी चाकाच्या चौकोनी भोकात बसला पाहिजे. मग स्क्रू आवळा, गच्च नाही, बसेल एवढाच. नंतर चावी द्या, ओढून काटे फिरवा, परत आत दाबून चावी द्या. तिन्ही नीट झालं तर काम झालं.

प्रश्न: शेतात काम करताना घड्याळ घालतो. चावी आता फिरत पण नाही आणि निघत पण नाही, कडेला तांबूस भुकटी दिसते. दुकानदार म्हणले मशीन गेली, टाकून द्या. खरंच टाकू का? (एक शेतकरी वाचक, मानवत, जि. परभणी)

उत्तर: टाकू नका भाऊ. तांबूस भुकटी म्हणजे गंज. आपल्याकडं उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो, दिवसभर घाम मनगटावरून चावीच्या फटीत उतरतो, त्यात मोटार चालू करताना पाटाचं पाणी लागतं, आणि चावीच्या आतलं रबर कडक झालेलं असतं, त्यामुळं ओल आत जाते आणि पोलादी स्टेम गंजून मशीनला धरते. इथं वरच्या सरांसारखं नुसता स्क्रू ढिला करून भागत नाही.

मागचं झाकण काढा. अगदी पातळ तेल सुईच्या टोकावर घेऊन एकच थेंब स्टेम मशीनमध्ये शिरते तिथं लावा, चावी वरच्या बाजूला येईल असं घड्याळ टेकवून रात्रभर ठेवा. डब्यातला स्प्रे मात्र मारू नका, तो बॅलन्सच्या म्हणजे सतत डोलणाऱ्या चाकाच्या केसासारख्या स्प्रिंगवर आणि डायलवर पसरतो आणि मग चालू घड्याळ पण बंद पडतं. सकाळी चावी फिरवून बघा, फिरली नाही तर परत एक थेंब, परत रात्रभर. घाई केली की स्टेम खाचेपाशी मोडते, तिथंच ती सगळ्यात बारीक असते. फिरायला लागली की मग स्क्रू ढिला करून वर सांगितलेल्या पद्धतीनं काढा. काढल्यावर स्टेम बदलाच, गंजलेली परत घालू नका, आणि मशीन उघडून धुऊन घ्या कारण ते तेल हळूहळू आत पसरत राहतं. नवी स्टेम लांब येते, जुन्या स्टेमशेजारी ठेवून थोडी थोडी कापायची आणि कानशीनं घासायची. एकदम कापली आणि आखूड पडली तर ती वाया. चावी पण नवीन रबराची घ्या.

प्रश्न: सेलचं घड्याळ आहे, बाणाची खूण असलेल्या खड्ड्यात पिन दाबून स्टेम काढली, परत घातली तर बसते पण काटे फिरंनात. सेल नवा टाकलाय, सेकंद काटा चालू आहे. (कॉलेजची विद्यार्थिनी, जालना)

उत्तर: खड्डा जास्त दाबला गेला. त्या खड्ड्याखाली सेटिंग लिव्हर असते, ती जरा दबली की स्टेम सुटते, पण जोरात दाबलं की तिच्या शेजारची योक नावाची पट्टी पिनियनच्या खाचेतून निसटते, मग स्टेम फिरते पण काट्यांपर्यंत पोचत नाही. दुरुस्तीला डायल काढून योक जागेवर घालावी लागते. मियोटा या जपानी कंपनीच्या 2035 नंबरसारखी साधी मशीन असेल तर एवढं करण्यापेक्षा पूर्ण मशीनच बदलणं परवडतं, मशीनवर छापलेला नंबर तोच घ्या म्हणजे काटे जुनेच बसतात. पुढच्या वेळी आधी सेल काढा, टोकदार पिनेऐवजी टूथपिक वापरा, आणि खड्डा नीट दिसत नसेल तर चावी आत-बाहेर करून बघा, चावीच्या जागेप्रमाणं तो सरकतो, काही मशीनमध्ये एकाच जागेवर पूर्ण उघडा पडतो. शेजारी तांब्याच्या तारेची कॉइल असते, ती तार केसाहून बारीक असते, पिन घसरून ती तुटली तर घड्याळ जागेवर बंद.

प्रश्न: स्टेमच्या स्क्रूचं डोकं तुटलं. कुणीतरी सांगितलं की तुरटीच्या पाण्यात ठेवलं की तुटलेला स्क्रू विरघळतो. खरं आहे का? (एक वाचक, वसमत, जि. हिंगोली)

उत्तर: खरं आहे, पण तुमच्या कामाचं नाही. तुरटीचं गरम दाट द्रावण पोलाद हळूहळू खातं आणि पितळ तसंच ठेवतं, म्हणून पितळी प्लेटमध्ये तुटून अडकलेला ब्रिजचा किंवा डायलचा स्क्रू कारागीर असा काढतात. प्लेटवरचा पोलादाचा एकूण एक पार्ट आधी काढायचा, काचेच्या वाटीत ठेवायचं, लोखंडी किंवा अॅल्युमिनियमचं भांडं नाही, मग स्क्रूच्या आकाराप्रमाणं काही तास ते काही दिवस लागतात. पण स्टेमच्या स्क्रूचे आटे प्लेटमध्ये नसतात, सेटिंग लिव्हरमध्ये असतात आणि ती लिव्हर पोलादाचीच. तुरटी दोघांनाही खाईल. तुमच्याकडं डोकं तुटल्यावर लिव्हर सैल झाली असंल तर स्टेम तशीच निघंल. मग डायल काढा, लिव्हर तुटक्या तुकड्यासकट हातात येते. त्याच नंबरच्या मशीनची लिव्हर आणि स्क्रू जोडीनं घ्या.

प्रश्न: माझ्या जुन्या घड्याळाला मागं झाकणच नाही, स्क्रू कुठं शोधू? (एक वाचक, अंबाजोगाई)

उत्तर: शोधू नका, तुमची केस एकसंध आहे आणि मशीन काचेकडून निघतं. अशा घड्याळात बहुतेक वेळा स्टेम दोन तुकड्यांची असते, चावीकडचा तुकडा आतल्या तुकड्याला नुसता खटक्यानं अडकलेला. आधी काच काढायची, ती आवळून उचलायचं साधन दुकानदाराकडं असतं, तुमच्याकडं नसेल तर एवढं काम त्याच्याकडूनच करून घ्या. मग चावी एका ठरावीक जागेवर फिरवून सरळ ओढली की बाहेरचा तुकडा सुटतो आणि मशीन वरून उचलता येतं. तिरपं ओढलं तर खटक्याचे कान मोडतात, तेवढं जपा.