टोल कधी संपणार? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

कळंबोली: मुंबई–पुणे एक्स्प्रेसवेचा खर्च कधीच वसूल झाला म्हणतात. मग खालापूरला अजून टोल कशाचा?

हा रस्ता रस्ते विकास महामंडळाने कर्ज काढून बांधला आणि २००२ मध्ये तो पूर्ण खुला झाला. खासगी भागीदार आला तो नंतर, टोलवसुलीत. २००४ मध्ये आयआरबी या खासगी रस्ते-उद्योगसमूहाच्या कंपनीने ९१८ कोटी एकरकमी भरून १५ वर्षांचे हक्क घेतले. ती मुदत २०१९ मध्ये संपली. २०२० मध्ये नवा करार झाला, ८,२६२ कोटींचा, २०३० पर्यंत. म्हणजे आजचा टोल बांधकामाचा राहिलेला नाही. महामंडळाने आगाऊ घेतलेली रक्कम आपण फेडतो आहोत. दर तीन वर्षांनी १८ टक्के वाढही आधीच ठरलेली: कारला २०१७ मध्ये २३०, २०२० मध्ये २७०, २०२३ मध्ये ३२० रुपये.

टोलला माझा विरोध नाही. करार तारखेला बांधला, हे मला खटकतं. वाहनं अंदाजापेक्षा वाढली तरी वसुली त्या तारखेपर्यंत चालूच राहते. चिलीने सँटियागो–वालपराइसो रस्त्याचा करार १९९८ मध्ये वेगळ्या पद्धतीने केला: ठरलेली रक्कम जमली की वसुली बंद. २०३० नंतरचा करार, झालाच तर, असाच व्हायला हवा. त्यासाठी आग्रह आत्तापासून धरायला हवा.

ऐरोली: ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या नाक्यांवर कारला टोल नाही. कंत्राटदाराचा तोटा कोण सोसतं?

आपणच. करार चालू असताना सरकारने सूट दिली की भरपाई द्यावी लागते, रोख किंवा मुदतवाढीच्या रूपाने. गाडी नसलेल्याच्या करातूनही ती जाते, हे मला पटत नाही.

नेरूळ: अटल सेतूही खासगी भागीदारीतलाच ना?

नाही. तो एमएमआरडीएने, म्हणजे मुंबई महानगर प्रदेशाच्या सरकारी विकास प्राधिकरणाने बांधला, जपानच्या जायका या सरकारी संस्थेचं कर्ज घेऊन.

ठाणे: नाशिक महामार्गावर खड्डे असूनही पडघ्याला टोल भरायचा?

खड्डा कुठे आहे ते आधी पाहा. माजिवडा ते वडपे रुंदीकरणाचं काम रस्ते विकास महामंडळाकडे आहे, तर पडघ्याचा नाका वडपे–गोंदे टप्प्याचा. माजिवड्याच्या खड्ड्यासाठी पडघ्याच्या कर्मचाऱ्याशी भांडून उपयोग नाही. वडपेच्या पुढे खड्डा असेल तर राष्ट्रीय महामार्गांच्या १०३३ या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि क्रमांक जपून ठेवा. मग माहिती अधिकारात करारातलं देखभालीचं परिशिष्ट आणि रस्त्यावर देखरेख ठेवणाऱ्या स्वतंत्र अभियंत्याचे अहवाल मागा. खड्डा किती दिवसांत बुजवायचा आणि उशिराला दंड काय, हे त्या परिशिष्टात पाहायला मिळतं.